फाईलचा खरा मुक्काम

संगणकाशी ज्याचा रोजचा व्यवहार आहे अशा कोणत्याही मनुष्यास ‘ही फाईल कोठे आहे?’ असे विचारले, तर तो पडद्यावरील तिरक्या रेघांनी सांधलेली नावांची एक माळ दाखवून निश्चिंत होतो. आणि तीच गोष्ट एखाद्या प्रोग्रामकरवी विचारावयाची वेळ आली म्हणजे मात्र ॲब्सोल्यूट पाथ, कॅनॉनिकल पाथ, रिअल पाथ अशी एकाहून अधिक उत्तरे हात जोडून उभी राहतात आणि त्यांतील खरे कोणते हे ठरविताना मुरलेल्या प्रोग्रामरासही क्षणभर थबकावे लागते. भाषांच्या रचनाकारांना एकवाक्यता साधली नाही, एवढे म्हणून हा विषय हातावेगळा करता येण्याजोगा नाही. माझ्या मते घोळ उत्तरांत नसून प्रश्नात आहे. फाईलला स्वतःचा असा पत्ता मुळात नसतोच; जो पत्ता आपण तिचा म्हणून सांगतो, तो दुसऱ्या कोणाच्या तरी वहीत केलेली नोंद असतो, आणि ती वही आपण वाचून खाली ठेवतो न ठेवतो तोच तीत फेरफार होऊ शकतो.

या व्यवस्थेची पायाभरणी १९६९ पासून न्यू जर्सीतील मरे हिल येथील बेल प्रयोगशाळेत केन टॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी केली, आणि १९७४ च्या जुलै महिन्यात युनिक्सविषयीचा जो प्रबंध त्या दोघांनी प्रसिद्ध केला, त्यात डिरेक्टरी ही फाइली साठविण्याची कोठी नसून नावांची केवळ एक यादी आहे, ही भूमिका निःसंदिग्धपणे मांडली. सत्तरीच्या दशकाच्या उत्तरार्धातील युनिक्समध्ये या यादीतील एकेक नोंद अवघ्या १६ बाइटांची असे: २ बाइटांत एक क्रमांक आणि १४ बाइटांत नाव. मालक कोण, परवानग्या कोणत्या, आकार किती, शेवटचा बदल केव्हा झाला आणि मजकूर डिस्कच्या कोणकोणत्या खंडांवर पसरला आहे, हा सारा तपशील त्या क्रमांकाच्या खात्यात, म्हणजे आयनोडमध्ये, लिहिलेला असे. (यातील ‘आय’ हे अक्षर कशाचे, असे पुढे रिचींना विचारण्यात आले तेव्हा ते ‘इंडेक्स’चे असावे असा तर्क त्यांनी केला, पण खात्रीने सांगितले नाही. ज्याच्या घरी बारसे झाले त्यासच नावाचा उगम आठवू नये, हे या प्रकरणाला साजेसेच झाले.) आयनोडच्या या खात्यात फाईलविषयी बहुतेक सर्व काही आहे, नाही ते फक्त तिचे नाव.

आपल्याकडील जमिनीच्या दफ्तराशी ज्याची ओळख आहे त्यास ही रचना परकी वाटू नये. एखाद्या शेताला लोक ‘वडाचा मळा’ म्हणोत की ‘पाणंदीकडचा तुकडा’, तलाठ्याच्या दफ्तरी त्याची ओळख गट क्रमांकाने होते. आणि तो क्रमांकही गावाच्या नावावाचून निरर्थक ठरतो, कारण गट क्रमांक १२ गावोगावी असतो. आयनोडचा क्रमांकही तसाच एका फाईलसिस्टिमपुरता खरा. म्हणून दोन मार्ग एकाच फाईलकडे जातात की काय याची शहानिशा करावयाची असेल, तर नावे ताडून पाहण्यात अर्थ नसून ‘स्टॅट’ या सिस्टिम कॉलने मिळणारे दोन आकडे, उपकरणाचा क्रमांक आणि आयनोडचा क्रमांक, जोडीने ताडावे लागतात; पायथनमधील ‘सेमफाईल’ हे फंक्शन युनिक्सवर नेमके हेच करते. फाईल नष्ट झाल्यावर मात्र तिचा क्रमांक दुसऱ्या फाईलला बिनदिक्कत देऊन टाकण्याचा युनिक्सचा शिरस्ता आहे, जो आपल्या भूमि-अभिलेखांत कोणी खपवून घेणार नाही. तेव्हा हे साम्य येथवरच ताणावे.

नाव एका ठिकाणी आणि वस्तू दुसऱ्या ठिकाणी, ही व्यवस्था एकदा पत्करली म्हणजे तिचे परिणामही पत्करावे लागतात. एकाच आयनोडकडे दोन डिरेक्टऱ्यांतून दोन नावांनी बोट दाखविता येते. यास हार्ड लिंक म्हणतात, आणि या दोन नावांपैकी मूळचे कोणते व मागाहूनचे कोणते हे दफ्तरात कोठेही लिहिलेले नसल्यामुळे दोन्ही मार्ग सारखेच खरे असतात. फाईल ‘काढून टाकणे’ म्हणजे वास्तविक एका यादीतून एक नाव खोडणे होय. नावांची संख्या शून्यावर आली तरी एखाद्या चालू प्रोग्रामने ती फाईल उघडून ठेवली असेल तोवर तिचा मजकूर, तिचा आकार, तिच्या वेळा सर्व काही शाबूत राहते. नसतो तो केवळ मार्ग. अशा फाईलचा खरा मार्ग कोणता, या प्रश्नाला जगातील कोणतीही भाषा उत्तर देऊ शकत नाही.

याच्या जोडीला सिम्बॉलिक लिंक येते. तिची कल्पना युनिक्सहून जुनी. मल्टिक्स या यंत्रणेसाठी डेली आणि न्यूमन यांनी १९६५ मध्ये फाइलींच्या व्यवस्थेवर जो प्रबंध लिहिला त्यात अशा दुव्यांचा विचार आहे, आणि युनिक्सच्या कुळात ती १९८३ च्या ४.२ बीएसडीबरोबर रुजली. सिम्बॉलिक लिंक म्हणजे जिच्या पोटात मजकुराऐवजी दुसराच एक मार्ग लिहिलेला आहे अशी फाईल. ‘येथील बिऱ्हाड हलले, पुढील पत्त्यावर चौकशी करावी’ अशी दारावर चिकटविलेली चिठ्ठीच म्हणा ना. पुढील पत्त्यावर जावे तर तेथेही चिठ्ठी असू शकते, आणि ती पुन्हा पहिल्या दाराकडे पाठवू शकते. म्हणून लिनक्स ४० चिठ्ठ्यांपर्यंत फिरते आणि मग तक्रार नोंदवून थांबते. चिठ्ठीविषयी विचारावयाचे की चिठ्ठीने दाखविलेल्या घराविषयी, हा भेद करण्यासाठी ‘स्टॅट’च्या शेजारी ‘एलस्टॅट’ हा दुसरा कॉल ठेवावा लागला. या दोहोंतील एका अक्षराच्या फरकाने जेवढ्या डिरेक्टऱ्या अनवधानाने साफ झाल्या असतील, तेवढ्या डिस्क बिघडल्यामुळे तरी झाल्या असतील की नाही, याविषयी मला शंका आहे.

या चिठ्ठ्यांनी एका अत्यंत साध्या चिन्हाचा अर्थ बिघडविला. मार्गात दोन टिंबे म्हणजे ‘वरची डिरेक्टरी’ हे आपण पहिल्या आठवड्यात शिकतो. समजा, ‘/घर/कागद’ ही सिम्बॉलिक लिंक असून ती ‘/कोठार/जुने/कागद’ येथे नेते. आता ‘/घर/कागद/..’ म्हणजे कोणती जागा? केवळ अक्षरे खोडून उत्तर काढणारा म्हणेल ‘/घर’. प्रत्यक्ष चालत जाऊन पाहणारा म्हणेल ‘/कोठार/जुने’. दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत आणि प्रोग्राममध्ये दोघे एकत्र आले की अनर्थ होतो. बेल प्रयोगशाळेतच पुढे घडविलेल्या प्लॅन ९ या यंत्रणेत रॉब पाइक यांनी या दोन टिंबांचा अर्थ नीट लावण्यासाठी केलेल्या खटाटोपावर २००० मध्ये एक स्वतंत्र निबंध लिहिला, यावरून प्रश्नाचे वजन कळावे. पायथनमधील ‘ॲब्सपाथ’ हे अक्षरे खोडणाऱ्यांच्या पंथाचे आहे आणि ‘रिअलपाथ’ हे चालत जाणाऱ्यांच्या. अँटवान पित्रू यांच्या प्रस्तावावरून २०१४ मध्ये पायथन ३.४ बरोबर आलेल्या ‘पाथलिब’ने मात्र मार्ग नुसता हाती घेतला असता ही दोन टिंबे आपण होऊन खोडावयाची नाहीत असा संयम पाळला, आणि तो मला सर्वांत सुज्ञपणाचा वाटतो.

चालत जाण्याचे काम सी भाषेत ‘रिअलपाथ’ नावाच्या फंक्शनकडे आहे. दिलेला मार्ग मुळापासून एकेक घटक घेऊन तपासावा, लिंक लागली तर तिच्यातील मजकूर उर्वरित मार्गापुढे जोडून पुन्हा चालू लागावे, आणि सर्व लिंका व टिंबे विरघळली म्हणजे उरलेली माळ हाती द्यावी, असे त्याचे कार्य; ऐकावयास सरळ, पण या सरळ कामाने फार माणसे फसविली. उत्तर किती लांबीचे येईल हे आधी ठाऊक नसताना त्यासाठी जागा राखून ठेवण्याची जबाबदारी विचारणाऱ्यावर टाकली होती. पॉझिक्स या युनिक्सविषयक मानकाच्या २००८ च्या आवृत्तीने ती जागा फंक्शनने स्वतःच मिळवावी अशी मुभा दिली, तेव्हा कोठे हा दोष सुटला. दरम्यान २००३ मध्ये फ्रीबीएसडीच्या आणि एका प्रसिद्ध एफटीपी सर्व्हरच्या ‘रिअलपाथ’मध्ये एका बाइटाची चूक सापडली, आणि तेवढ्या एका बाइटावरून परक्यास यंत्रात शिरकाव करता येण्याजोगा होता. २०१८ च्या आरंभी तर ग्नू सी लायब्ररीत याहून चमत्कारिक गोष्ट उघडकीस आली. चालू डिरेक्टरी आवाक्याबाहेर असेल तर लिनक्सचा गाभा २०१० पासून उत्तराच्या आरंभी ‘अप्राप्य’ अशा अर्थाचा एक कंसस्थ शब्द जोडू लागला होता. चालू डिरेक्टरीचे उत्तर तिरक्या रेघेनेच सुरू होणार या भरवशावर ‘रिअलपाथ’ मागे मागे सरकत ती रेघ शोधत असे, आणि ती न सापडल्यामुळे आपल्या हद्दीबाहेरच्या स्मृतीत उतरत असे. सर्व काळ खरे असलेले गृहीतक एका दिवशी दुसऱ्या खात्याने बदलावे आणि पहिल्यास त्याची खबरही नसावी, हा अनुभव दफ्तरांत काम केलेल्यांना नवा नाही.

चालू डिरेक्टरीचा उल्लेख आला आहे तर माझीच एक फजिती सांगून टाकतो. रात्री आपोआप चालावा म्हणून वेळापत्रकात टाकलेला माझा एक छोटा प्रोग्राम दिवसा हाताने चालविला की बिनचूक काम करी आणि रात्री ‘फाईल नाही’ म्हणून ओरडे. दोन दिवस मी परवानग्या तपासल्या. कारण एवढेच होते की मार्ग मी अर्धवट, सापेक्ष, लिहिला होता, आणि ते वेळापत्रक पाळणारा क्रॉन प्रत्येक काम वापरकर्त्याच्या होम डिरेक्टरीत उभे राहून चालवितो. यावर उपाय म्हणजे प्रोग्रामला स्वतःचाच ठावठिकाणा विचारणे: पीएचपीतील ‘फाईल’ नावाचा जादुई स्थिरांक लिंका विरघळवून उत्तर देतो, पर्लमध्ये ‘फाइंडबिन’ आपला दिसता मुक्काम आणि खरा मुक्काम अशी दोन्ही उत्तरे वेगळी ठेवते, आणि पायथनचा त्याच नावाचा चल लिंका विरघळवीत नाही, तेवढे काम आपण करावयाचे.

जी फाईल अस्तित्वातच नाही तिचा खरा मार्ग विचारला तर काय सांगावे, यावरून भाषांचे स्वभाव ओळखता येतात. पीएचपीचे ‘रिअलपाथ’ सरळ ‘फॉल्स’ म्हणते. जावात जुन्या ‘फाइल’ वर्गाचे ‘गेटकॅनॉनिकलपाथ’ बेधडक काहीतरी मार्ग देते, तर २०११ च्या जावा ७ मधील ‘टूरिअलपाथ’ अपवाद फेकते. पायथनच्या ‘पाथलिब’मधील ‘रिझॉल्व्ह’ आरंभी कडक होते, ३.६ मध्ये ते सैल झाले आणि कडकपणा मागून घ्यावा लागू लागला. सी++ ने २०१७ मध्ये दोन वेगळी फंक्शने देऊन एकास ‘कॅनॉनिकल’ आणि दुसऱ्यास ‘वीकली कॅनॉनिकल’ म्हटले, आणि दुबळेपणाची अशी जाहीर कबुली मला आवडली. रस्ट कडक आहे. गो भाषेतील ‘इव्हॅलसिमलिंक्स’ सापेक्ष मार्ग दिला तर बहुधा सापेक्षच परत करते, हे नवख्यांच्या ध्यानात येत नाही. चुकीचे उत्तर आत्मविश्वासाने देण्यापेक्षा ‘अशी फाईल नाही’ असे म्हणणाऱ्यांच्या बाजूने माझे मत आहे.

पीएचपीचा आणखी एक विशेष येथे सांगितला पाहिजे, कारण त्याने वेबसाइट चालविणाऱ्या पुष्कळांची झोप उडविली आहे. वरचेवर तेच मार्ग शोधावे लागू नयेत म्हणून पीएचपी सापडलेले खरे मार्ग स्मृतीत ठेवते, आणि मुळातल्या सेटिंगप्रमाणे ते १२० सेकंद ग्राह्य धरते. नवी आवृत्ती चढविताना जुन्या डिरेक्टरीकडे दाखविणारी ‘चालू’ नावाची लिंक क्षणात नव्या डिरेक्टरीकडे वळवावी, ही प्रशस्त पद्धत. पण लिंक वळली तरी चालू असलेल्या प्रक्रियांस जुना मार्गच दोन मिनिटांपर्यंत खरा वाटत राहतो, आणि अर्धा प्रोग्राम जुना व अर्धा नवा असा संकर ग्राहकांपुढे येतो. ‘खरा मार्ग’ ही केवळ त्या क्षणीची साक्ष आहे, याचा याहून रोकडा पुरावा मला ठाऊक नाही.

विंडोजविषयी थोडक्यात: तेथे जुन्या धाटणीच्या कॉलांस मार्गाची मर्यादा २६० अक्षरांची, लांब नावांना ‘प्रोग्रा~१’ अशी आखूड टोपणनावे, रोमन लिपीतील लहान-मोठ्या अक्षरांत भेद नाही, आणि सिम्बॉलिक लिंका व्हिस्टापासून. पायथनचे ‘रिअलपाथ’ ३.८ पूर्वी विंडोजवर लिंका विरघळवीतच नसे. रस्ट तेथे जो मार्ग परत करते त्याच्या आरंभी एक विचित्र उपसर्ग असतो, आणि तो पुष्कळ इतर प्रोग्रामांना पचत नाही.

मार्गाइतकाच फसवा भाग मेटाडेटातील वेळांचा. युनिक्सच्या खात्यात तीन वेळा असतात: शेवटच्या वाचनाची, मजकुरातील शेवटच्या बदलाची, आणि तिसरी ‘सीटाइम’, जिच्यातील ‘सी’स असंख्य लोक ‘क्रिएशन’ समजून चालतात. ती निर्मितीची वेळ नव्हे. सातबाऱ्याच्या भाषेत सांगावयाचे तर मजकुराची वेळ ही नमुना बारातील पिकाची नोंद, आणि ‘सीटाइम’ ही नमुना सातातील फेरफाराची: मालक बदलला, परवानगी बदलली, नवी हार्ड लिंक जोडली की ती बदलते, पीक बदलले म्हणजेही बदलते, कारण त्यायोगे खातेही लिहिले जाते. गंमत अशी की १९७१ च्या पहिल्या युनिक्स पुस्तिकेतील आयनोडमध्ये निर्मितीची वेळ होती. पुढे ती गेली, आणि लिनक्सवर ती विचारण्याचा अधिकृत मार्ग २०१७ मध्ये ‘स्टॅटएक्स’ या नव्या कॉलने खुला होईपर्यंत चार दशकांहून अधिक काळ लोटला. विंडोजवर हेच ‘सीटाइम’ निर्मितीची वेळ सांगत असल्यामुळे एकच पायथन प्रोग्राम दोन यंत्रांवर दोन अर्थांचे आकडे छापीत असे; पायथन ३.१२ ने विंडोजवरील तो अर्थ त्याज्य ठरवून निर्मितीच्या वेळेस ‘बर्थटाइम’ हे स्वतंत्र नाव दिले.

वाचनाच्या वेळेवर विसंबू नये, कारण प्रत्येक वाचनागणिक डिस्कवर लिहिण्याचा खर्च टाळण्यासाठी लिनक्स २००९ पासून ती सहसा आळसाने नोंदविते. मजकुराच्या वेळेवरही कोर्टात टिकेल असा भरवसा नको, कारण ‘यूटाइम’ने ती कोणीही मालक हवी तशी मागेपुढे करू शकतो. फॅट पद्धतीच्या डिस्कवर ही वेळ दोन सेकंदांच्या टप्प्यानेच नोंदली जाते, तेव्हा पेनड्राइव्हवर नेलेली फाईल परत आणल्यावर ‘बदलली’ असे दिसल्यास घाबरू नये. त्यातल्या त्यात ‘सीटाइम’ खोटी करणे अवघड, कारण ती ठरवून लिहिण्याची सोयच युनिक्सने दिलेली नाही.

आता मूळ दोषाकडे येतो. मार्ग तपासणे आणि मार्ग वापरणे या दोन क्रियांच्या मधल्या फटीत दुसरा कोणी लिंक बदलू शकतो. मॅट बिशप आणि मायकेल डिल्गर यांनी १९९६ मध्ये या फटीचा पद्धतशीर अभ्यास प्रसिद्ध केला, आणि तरीही आज लिहिल्या जाणाऱ्या प्रोग्रामांत आधी ‘फाईल आहे काय’ आणि मग ‘फाईल उघड’ ही जोडी निर्धास्तपणे नांदते. त्यावर कडी म्हणजे ‘/कोठार’ या हद्दीबाहेर जाऊ नये म्हणून खऱ्या मार्गाची सुरुवात ‘/कोठार’ने होते एवढेच पाहणारे, ज्यांना ‘/कोठारघर’ही हद्दीतलेच वाटते. योग्य रीत उलट आहे: आधी फाईल उघडावी, मग हाती आलेल्या डिस्क्रिप्टरवर ‘एफस्टॅट’ चालवून तपशील घ्यावा, कारण तो डिस्क्रिप्टर नावाला नव्हे, आयनोडला धरून असतो, आणि बाहेर नावे कितीही बदलली तरी हातातली वस्तू बदलत नाही. हद्दीचा प्रश्न असेल तर लिनक्सच्या ५.६ आवृत्तीत, २०२० मध्ये, आलेला ‘ओपनॲट२’ हा कॉल दिलेल्या डिरेक्टरीबाहेर पाऊल टाकण्यासच मज्जाव करू शकतो. आणि गो भाषेने २०२५ मधील १.२४ आवृत्तीत ‘रूट’ नावाचा प्रकार देऊन हीच शिस्त सामान्य प्रोग्रामरच्या हाती ठेवली. या साऱ्या भाषांत या एका बाबतीत मी गोला पहिला मान देईन.

शेवटी एक गोष्ट खास मराठी वाचकांसाठी. लिनक्सवर नाव म्हणजे अक्षरे नव्हेत, बाइट. आणि एका नावास बहुधा २५५ बाइटांची मर्यादा. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट खाते, म्हणून ‘महाराष्ट्र’ या एका शब्दास ३० बाइट लागतात आणि ८५ चिन्हांपलीकडे नाव जात नाही. त्याहून अडचणीचे आपले ‘वऱ्हाड’. त्यातील अर्धा र युनिकोडमधील स्वतंत्र ‘ऱ’ घेऊन लिहिता येतो, साधा ‘र’ व नुक्ता जोडून लिहिता येतो, आणि साध्या ‘र’ला हलन्त करून पुढे न दिसणारा जोडक देऊनही लिहिता येतो, पहिल्यास १८ बाइट, इतर दोहोंस २१. युनिकोडच्या नॉर्मलायझेशनने पहिले दोन एक होतात, तिसरे होत नाही. लिनक्सच्या एकाच डिरेक्टरीत या तिन्ही नावांच्या तीन स्वतंत्र फाइली सुखाने राहतात, डोळ्यांस त्या एकच दिसतात, आणि ‘रिअलपाथ’ यांत अवाक्षर बदलत नाही. मराठी नावांच्या फाइली हाताळणारा प्रोग्राम जे कोणी लिहीत असतील त्यांना माझी विनंती आहे की, तो लोकांच्या हाती देण्यापूर्वी ‘वऱ्हाड’ नावाच्या या तीन फाइली करून त्यास एकदा वाचावयास द्याव्यात.